माशांचं सुतक

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर ही गोष्ट मी माझ्या सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलेली नाही. तिला ती दुसऱ्याच कुणीतरी सांगितली आणि मग तिनं फोन करून मला सांगितली, ते वेगळं. गोष्ट मयताच्या घरची आहे, तेव्हा हसायचं ते जरा बेतानं हसा.

आम्ही भूगावचे. जिथं आमची शेती होती तिथं आता इमारत उभी आहे, आणि त्याच इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पण समोरच्या घरात कोण आलं, काय आणलं, दुधाची पिशवी एक घेतात का दोन, हे सगळं मला माहीत असतं. शहरातली माणसं याला भोचकपणा म्हणतात. आमच्याकडं याला शेजार म्हणतात.

समोर नाखरे काका आणि काकू. मूळचे रत्नागिरीकडचे. काका नोकरीतून मोकळे झाले आणि इथं राहायला आले, ते येताना समुद्र घेऊनच आले. म्हणजे हॉलमध्ये भिंतभर काचेची पेटी, त्यात खारं पाणी, त्यात जांभळट दगड, दगडांना चिकटलेल्या गोगलगाई, एक चांदणीसारखा जीव, आणि दोन मासे. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. जोडपं होतं ते. मोठी ती बायको आणि लहान तो नवरा, असं काका सांगायचे.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, हे कधी खायचे?"

"हे खायचे नाहीत हो, बघायचे."

"मग तुम्ही खाता काय?"

"बांगडे."

घ्या. घरातले बघायचे आणि बाजारातले खायचे. पण माणूस सोन्यासारखा. आणि पाणी? अहो, इतकं नितळ, की मासे हवेत तरंगताहेत असं वाटावं. त्यासाठी काका दिवसभर त्या पेटीच्या मागं. काच पुसायची, काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा, मान हलवायची. मी एकदा म्हटलं, "काका, दोन माशांसाठी केवढा हा खटाटोप." तर म्हणाले, "सुमनताई, मासे पाळता येत नाहीत. पाणी पाळावं लागतं. मग मासे आपले आपण राहतात."

मी घरी येऊन मालकांना सांगितलं, पाणी पाळतात म्हणे. मालक म्हणाले, "शिकलेली मानसं हायेत. पाळू दे. तू हात लावू नगंस."

असे ते नाखरे काका. एक दिवस सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि तसेच गेले. कप सांडलासुद्धा नाही म्हणे. काकू स्वयंपाकघरातून साखर विचारत राहिल्या.

आता मयताच्या घरी शेजाऱ्यानं काय करायचं हे मला सांगावं लागत नाही. पोरं गोळा केली, बंगळूरला मुलाला फोन करायला लावला, काकूंना धरून बसले. तो दुपारपर्यंत विमानानं आला आणि मग काकांना नेलं. पुरुष माणसं तिकडं गेली, काकू आतल्या खोलीत बायकांच्यात, आणि मी पदर खोचला.

आमच्याकडं पद्धत आहे. मयत उचललं की घर झाडून पुसून घ्यायचं आणि घरातलं साठवणीचं सगळं पाणी टाकून द्यायचं. त्या पाण्याला सुतक लागतं. मग भांडी घासायची आणि ताजं पाणी भरून ठेवायचं. घरच्या बायकांच्या अंगात त्या दिवशी त्राण नसतं, म्हणून हे काम शेजारणीचं. मी लहानपणापासून आईला करताना बघितलंय. भूगावात कुणाकडं असं काही झालं की हे काम मी करते, आणि झटून करते.

तर कळशी रिकामी केली. बादल्या, फिल्टर, फ्रिजमधल्या बाटल्या, सगळं मोरीत ओतलं. काचेच्या पेटीकडंही बघितलं मी, खोटं कशाला बोलू. पण त्यात जीव होते म्हणून हात आवरला. तेवढी अक्कल देवानं मला दिली, आणि तिथंच ती संपली.

कारण मागच्या बाल्कनीत एक मोठा निळा ड्रम होता, झाकण लावलेला. उघडून बघितलं तर काठोकाठ पाणी, आणि तळाशी एक छोटी मोटर बुडबुडतेय. मला वाटलं, पडली असेल बिचारी. तिचं बटण बंद केलं, काढली, साबणानं धुतली, खिडकीत वाळत ठेवली. आणि एवढं पाणी मोरीत कशाला घालवायचं? उन्हाळ्याचे दिवस. मी आपली बादली बादली करून खाली नेलं आणि आवारातल्या झाडांना घातलं. ती झाडं काकांनीच लावलेली. जास्वंद, मोगरा, आणि सगळ्या इमारतीच्या फोडणीला पुरणारा कढीपत्ता. मनात आलं, काकांच्या हातचं शेवटचं पाणी त्यांच्याच झाडांना पोचलं. डोळे भरून आले माझे.

मग ड्रम घासला, बोअरचं ताजं पाणी भरलं, झाकण लावलं. जिना चढून उतरून कंबर मोडली. संध्याकाळी पिठलं-भाकरी करून कडू घास नेला, तो वेगळाच.

पुढचे दिवस माणसांची रीघ. आणि भेटायला आलेला प्रत्येक जण काकूंशी दोन शब्द बोलायचा, गप्प व्हायचा, मग पेटीपाशी जाऊन उभा राहायचा. मुकी जनावरं, त्यांना काय कळतंय, असं म्हणायचा आणि डबीतला चिमूटभर खाऊ पाण्यात टाकायचा. मयताच्या घरी माणसाला काहीतरी करायला हवं असतं हो. मीही टाकला. दोनदा टाकला.

पाणी गढूळ व्हायला लागलं.

काकू तोवर नुसत्या बसून असायच्या. चहा दिला तर प्यायच्या, नाही दिला तर नाही. त्या दिवशी मात्र उठल्या. पेटीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "यांनी पाणी असं कधी होऊ दिलं नव्हतं."

"मग काय करायचं काकू?"

"हे स्वतः थोडं जुनं पाणी काढायचे आणि बाल्कनीतल्या ड्रममधलं तेवढंच घालायचे. मी रोज बघत होते की." आणि बाल्कनीत जाऊन त्यांनी झाकण उचललं. काठोकाठ भरलेला ड्रम बघून तिथंच थांबल्या. "बघा सुमनताई. भरून ठेवून गेले. जायच्या आधी भरून ठेवून गेले हो."

आणि ड्रमवर हात ठेवून रडल्या. काका गेल्यापासून पहिल्यांदा अशा मोकळ्या रडल्या.

आता तुम्हीच सांगा, त्या वेळी मी म्हणायचं का, की काकू, हे मी भरलंय? मी गप्प बसले. म्हटलं, त्यांना तेवढाच आधार वाटतोय तर वाटू दे. पाणी काय, कुणीही भरलं तरी पाणीच.

तर काकूंनी बादलीभर जुनं काढलं आणि बादलीभर ड्रममधलं घातलं. मी धरू लागले. दुसऱ्या दिवशी पाणी जास्त गढूळ. मग आणखी घातलं. तिसऱ्या दिवशी ताकासारखं. आम्ही जितकं साफ करावं तितकं ते घाण व्हावं. दगडांवरचा जांभळा रंग उडून ते हाडकासारखे दिसायला लागले. गोगलगाई सुटून तळाला पडल्या. ती चांदणी आक्रसून कोपऱ्यात गेली आणि तिचा एकेक हात गळाला. मासे काही खाईनात. दोघं शेजारी शेजारी, काचेला तोंड लावून धापा टाकत उभे.

काकू म्हणाल्या, "काय होतंय यांना?"

आणि मी, सातवी पास, म्हणाले, "काकू, शोक करताहेत ते. मालक गेला ना त्यांचा."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. त्या एवढ्या शिकलेल्या, पण माणूस दुःखात असलं की त्याला शिक्षण उपयोगी पडत नाही. म्हणाल्या, "खरंच असेल का हो?"

"असेल म्हणजे? खाली झाडं बघा."

झाडांचं मी सांगितलंच नाही, नाही का? जास्वंदीनं मान टाकली होती. मोगरा करपला. कढीपत्त्याची पानं काळी पडून गळत होती. मी काकूंना हाताला धरून खाली नेलं आणि दाखवलं. "ज्या झाडांना काका रोज पाणी घालायचे, तीच तेवढी वाळली बघा. पलीकडची बिल्डरची शोभेची झाडं कशी ठणठणीत आहेत."

काकू कितीतरी वेळ त्या जास्वंदीपाशी उभ्या होत्या. वर आल्या आणि मऊ भात जेवल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग काय, मी ही गोष्ट किराणावाल्याला सांगितली. त्यानं ती दूधवाल्याला सांगितली. भाजीच्या गाडीवर मला बायका विचारायला लागल्या, खरंच का हो, मासे सुतक पाळताहेत? माणसं बघायला यायला लागली. मी काकूंना विचारून एकेकाला आत नेत होते, आणि पेटीपुढं उभं करून हळू आवाजात सगळं सांगत होते. एक म्हातारी तर हात जोडून गेली.

मालक तेवढे म्हणाले, "मासं मरत्याल तशानं."

"शोकानं कुणी मरत न्हाई."

"शोकानं न्हाई. तू रोज बादल्या वतायलीस त्यानं."

त्यांना काय कळतंय, म्हणून मी सोडून दिलं.

पण गोष्ट नुसती माशांची नव्हती. तेरावा झाला आणि मुलगा निघाला. निघताना त्यानं आईपुढं विषय काढला. मी चहा द्यायला गेले होते. चहा देऊन झाला होता, पण कप घ्यायचे होते, म्हणून थांबले.

"आई, तू आता एकटी इथं राहून काय करणार? माझ्याकडं चल. हे घर भाड्यानं देऊ."

"आणि मासे?"

"कुणाला तरी देऊन टाकू."

"ते यांचे आहेत. ते आहेत तोवर मी कुठंही येत नाही."

मुलानं पेटीकडं बघितलं.  पण त्याच्या मनात काय आलं ते मला दिसलं, आणि काकूंनाही दिसलं. मासे काही फार दिवस राहतील असं वाटत नव्हतं. तो म्हणाला, "बरं. मी पुढच्या महिन्यात येतो, मग बघू."

तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "सुमनताई, हे मासे जगायला हवेत हो. मला त्या तिथल्या बाराव्या मजल्यावर नाही जायचं. मला इथंच राहायचंय, यांच्या घरात."

मी म्हटलं, "काकू, मी हाय ना."

मी होते म्हणूनच तर सगळं झालं होतं. पण ते कळायला सलीमभाई यावे लागले.

सलीमभाईंचं पिरंगुटला मोटारपंपाचं दुकान. काकांचे दोस्त, कारण त्यांच्याही घरी अशीच खाऱ्या पाण्याची पेटी. दोघं फोनवर तासन्‌तास पाण्यावर बोलायचे. काका गेले तेव्हा सलीमभाई लेकीच्या बाळंतपणाला गावी गेलेले. परत आले ते तसेच भेटायला आले.

त्याच दिवशी कोळवणची माझी भावजय आली होती, खास सुतकी मासे बघायला. मी तिला पेटीपुढं उभं करून नुकतीच सुरुवात केली होती, की पाहा वहिनी, कसे जोडीनं उभे आहेत. तेवढ्यात सलीमभाई आत आले. काकूंपुढं बसले, डोळे पुसले, काकांबद्दल दोन शब्द बोलले. मग त्यांची नजर पेटीकडं गेली आणि बोलणं अर्ध्यावरच थांबलं.

"वहिनी, ह्ये काय झालं?"

काकू म्हणाल्या, "शोक करताहेत." माझ्याकडं बघून म्हणाल्या.

"कोन?"

"मासे," मी म्हटलं.

सलीमभाईंनी माझ्याकडं असं बघितलं, की मी आणखी बोलायच्या ऐवजी पदर सारखा केला. त्यांनी खालच्या कपाटातून काकांची एक काचेची कांडी काढली आणि पाण्यात सोडली. "ही समुद्राच्या पान्यात उभी तरंगती," म्हणाले. कांडी सरळ तळाला जाऊन बसली.

"पानी कुठलं घातलं वहिनी?"

"यांनी भरून ठेवलेलं. ड्रममधलं. जायच्या आधी भरून गेले होते."

सलीमभाई बाल्कनीत गेले. ड्रममध्ये बोट बुडवलं, जिभेला लावलं.  परत आले तेव्हा आवाज एकदम हळू होता. "वहिनी, ह्ये त्यानं भरलेलं न्हाई. त्यानं भरलेलं खारट असतं. मीठ कालवून, मोटर लावून, दिसभर ढवळून ठेवायचा तो. ह्ये बोअरचं गोडं पानी हाय. कुनी भरलं?"

  मी कपबशा गोळा करायला लागले. त्या गोळा झालेल्याच होत्या, तरी पुन्हा केल्या.

माझी भावजय कोळवणची. तिकडं माणसं आडवळणानं बोलत नाहीत. ती म्हणाली, "वन्सं, तुमीच न्हाई का मगाशी सांगितलं? मयताच्या दिवशी सगळ्या घरातलं पानी मी एकटीनं टाकलं म्हून? आनि मोठा ड्रम झाडास्नी घातला म्हून?"

"झाडांना?" सलीमभाई म्हणाले. "खारं पानी झाडांना घातलं?"

काकूंनी खिडकीकडं बघितलं. खाली जास्वंदीची काटकी उभी होती. मग पेटीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मला तेव्हा वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर. जमीन दुभंगली असती तरी पहिल्या मजल्यावरच्यांच्या हॉलमध्ये पडले असते.

मी म्हटलं, "काकू, मीच टाकलं. सुतकाचं पाणी म्हणून टाकलं. आणि तुम्ही ड्रमला हात लावून रडलात तेव्हा सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही."

"म्हणजे ते यांनी भरलेलं नव्हतंच," काकू म्हणाल्या. एवढंच.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सलीमभाई लगेच कामाला लागले. दुकानाच्या टेम्पोतून आपल्या पेटीतलं खारं पाणी कॅन भरभरून आणलं. मिठाची पिशवी आणली, आरओचं पाणी भरलं, खिडकीत वाळत असलेली मोटर ड्रममध्ये पुन्हा सोडली. म्हणाले, घाई करायची नाही. एकदम खारं केलं तरी जीव सोसत नाही. थोडं थोडं, रोज थोडं. मेलेल्या गोगलगाई काढून टाकल्या, पांढरे पडलेले दगड काढून टाकले. मी म्हटलं, मी धरू लागते. ते म्हणाले, "ताई, तुमी निस्तं बसा."

मी नुसती बसले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात काम चालू असताना नुसती बसले. फार अवघड असतं ते.

लहान मासा, नवरा, तो दोन-तीन दिवसांनी आडवा झाला. काकूंनीच त्याला जाळीनं काढला. माझ्या हातात दिला नाही. खाली जाऊन वाळलेल्या जास्वंदीच्या बुडाशी पुरला. मी मागं उभी होते. परत येताना जिन्यात काकू म्हणाल्या, "आता ती एकटी."

मोठी जगली. पाणी हळूहळू निवळलं. एक दिवस सकाळी काकूंनी मला हाक मारली, काय झालं म्हणून मी धावत गेले, तर मासोळी पेटीच्या मधोमध. चिमूटभर खाऊ टाकला तो तिनं वर येऊन खाल्ला. मागची भिंत स्वच्छ दिसत होती. आम्ही दोघी बघत बसलो.

त्याच महिन्यात मुलाचा फोन आला. काकूंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. म्हणजे मला ऐकू यावा म्हणून नाही, त्यांना कानाला लावून ऐकू येत नाही म्हणून.

"आई, मासे कसे आहेत?"

"एक आहे."

"एकच? मग आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? एक आहे असं सांगितलं ना तुला."

तो विषय तिथं संपला. काकू इथंच राहिल्या. मला हायसं वाटलं, पण मनात ती बोच होतीच. एक दिवस चहा पिताना मी धीर केला. "काकू, माझ्या हातून लई वाईट झालं. काकांचं शेवटचं पाणी मी झाडांना घातलं."

काकूंनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "चुकून केलंत. पण एक ऐकाल माझं?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मी गेले ना, तर माझ्या घरातलं पाणी टाकू नका."

"असं अभद्र काय बोलता काकू."

"बरं, बोलत नाही. लिहून ठेवते."

मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गेले तर बाल्कनीतल्या निळ्या ड्रमवर पांढऱ्या रंगानं, ब्रशनं, हातभर अक्षरात लिहिलेलं. 'खारं पाणी' असं नव्हे. 'माशांचं पाणी' असंही नव्हे. 'सुमनताई, हे नाही.'

रंग पक्का आहे. मी घासून बघितला, जात नाही.

उद्या देव न करो, पण काकूंचं काही बरंवाईट झालं, आणि पै-पाहुणे गोळा झाले, तर त्या घरी सगळे आधी काय विचारणार सांगा? काकू कशानं गेल्या, हे नंतर. आधी विचारणार, या सुमनताई कोण?

आणि मी तिथंच असणार हो, पदर खोचून.